खाणीचा खड्डा आणि त्याची जामीनकी

धान्याच्या घाऊक व्यापारात सारी हयात घालविलेल्या माणसाने खाणींच्या विषयावर लेखणी उचलावी, याचे काही वाचकबंधूंस नवल वाटेल. परंतु बेळगावच्या पेठेतून चोर्ला घाटाने साखळी व डिचोलीकडे तांदूळ, डाळी आणि साखर पाठविणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांचा खाणींशी संबंध नाही, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला, गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी स्थगित केल्या, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही काम थांबविण्याचा हुकूम दिला. त्यानंतरच्या दिवाळीस त्या बाजूच्या किरकोळ दुकानदारांकडील आमची वसुली किती आली, हे ज्यांनी त्या वर्षीच्या खातेवह्या लिहिल्या त्यांस सांगावयास नको. पुढे न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी काही अटींवर वाट मोकळी केली, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवून १६ मार्च २०१८ पासून खाणी पुन्हा बंद केल्या.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातील खाणपट्ट्यांचे पहिले लिलाव झाले. तेव्हापासून आपल्या सभासदांच्या घरांतही या धंद्याची चर्चा सुरू झाली आहे. कोणाचा पुतण्या ट्रक घालू इच्छितो, कोणाचा जावई भागीदारीत शिरू पाहतो, आणि बँक म्हणते, घरातील वडील मंडळींची सही आणा. अशी सही मागणारे दोन कागद गेल्या दोन वर्षांत माझ्यापुढेही आले. 'वित्तीय हमी' असे त्यांचे नाव होते. हमी कशाची, ती रक्कम कोणी व कशी ठरविली, आणि ती पुरेशी आहे काय, हे मी विचारले असता कागद आणणाऱ्या तरुणांस सांगता आले नाही. म्हणून जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते येथे मांडतो.

प्रथम काम काय आहे ते पाहू. गोव्यात एक टन खनिज हाती येण्यासाठी साधारण अडीच ते तीन टन माती व दगड उपसावा लागतो. हा टाकाऊ माल जेथे रचतात त्यास तिकडे सर्वजण 'डंप' म्हणतात. पोर्तुगीज अमदानीत दिलेले पट्टे आकाराने लहान, त्यामुळे खड्डा पट्ट्याच्या आत आणि डंप बाहेर, कोणाच्या तरी जमिनीवर, असा प्रकार सर्रास झाला. २०१४ च्या निकालात न्यायालयाने पट्ट्याबाहेर माल टाकण्यास मनाई केली ती यामुळेच. अनेक खड्डे भूजलाच्या पातळीखाली उतरलेले असल्याने पंप चालू असेतोवरच कोरडे राहतात. पंप थांबला की एकदोन पावसाळ्यांत तेथे तलाव होतो. उतार न दिलेला, झाडे न लावलेला डंप तीन हजार मिलिमीटरच्या पावसात वितळू लागतो, आणि त्याची तांबडी माती ओढ्यावाटे भातशेतीत जाऊन बसते. गाळ बसलेल्या खाजणात किंवा मळ्यात भात पूर्वीसारखे येत नाही, हे आमच्या धंद्याच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा खाण संपली म्हणजे करावयाचे काम असे: डंपास पायऱ्या व सौम्य उतार देणे, शक्य तेथे तोच माल खड्ड्यात परत भरणे, बाजूस जपून ठेवलेली वरची सुपीक माती पसरणे, गवत व झाडे लावून ती जगविणे, पावसाच्या पाण्यास चर आणि गाळ अडविण्यास बांध व तळी करणे, खड्ड्याच्या कडा सुरक्षित करून कुंपण घालणे, इमारती व यंत्रे हलविणे, आणि पुढे काही वर्षे लक्ष ठेवणे. हे अशक्य नाही. साखळी येथे सेसा गोवा कंपनीची खनिज संपलेली जुनी खाण आहे. तेथे डंपांवर झाडी उभी राहिली, आणि पाणी भरलेल्या खड्ड्यात मासे वाढविण्याचे प्रयोग झाले. मनात आणले आणि पैसा वेळेवर घातला तर काय होते ते तेथे दिसते.

प्रश्न पैशाचा व वेळेचा आहे. खाण चालू असताना पैसा असतो, पण खड्डा भरण्याची निकड नसते. खाण संपते तेव्हा निकड असते, पण खनिज विकून येणारा पैसा थांबलेला असतो. मालक सचोटीचा असला तरी बाजारभाव कोसळल्यास तो बुडू शकतो, आणि बुडालेल्या माणसाकडून खड्डा बुजवून घेता येत नाही. यासाठी सरकार आरंभीच जामीनकी मागते. पट्टेदाराने काम केले नाही तर त्या रकमेतून सरकारने ते करून घ्यावे, हा तिचा हेतू होय.

आता या लेखाचा गाभा. जामीनकीची रक्कम ठरविताना पट्टेदारास ते काम किती खर्चात पडेल हे विचारून चालत नाही. पट्टेदार पळाल्यावर, दिवाळे निघाल्यावर, परक्या माणसास तेच काम किती खर्चात पडेल, हे विचारावे लागते. या दोन आकड्यांत फार अंतर असते. पट्टेदाराची यंत्रे जागेवर असतात, ड्रायव्हर पगारावर असतात, खनिज घेऊन वर आलेला डंपर खाली जाताना टाकाऊ माल घेऊन जाऊ शकतो. परक्या ठेकेदारास यंत्रे दुरून आणावी लागतात, माणसे नव्याने ठेवावी लागतात, त्यास नफा हवा असतो, आणि त्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्याचा पगार निराळा. आपल्या वखारीतील थप्पी आपल्या हमालांकडून हलविणे, आणि टाळे ठोकलेल्या परक्या वखारीतील माल कोर्टाच्या हुकमाने हलविणे, यांतला फरक ज्यांनी अनुभवला आहे त्यांस हे लगेच उमजेल.

अमेरिकेत कोळशाच्या उघड्या खाणींसाठी ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने कायदा झाला, त्यात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत घातले आहे. जामीनकी जप्त होऊन सरकारी खात्यास स्वतः काम करावे लागले तर ते पुरे होईल एवढी रक्कम हवी, असा त्याचा आशय आहे. तेथील खात्याने हिशेब कसा करावा याची पुस्तिका १९८७ मध्ये काढली व २००० मध्ये सुधारली. तिच्यातील पहिली पायरीच मला फार पटली. हिशेब सरासरी दिवसाचा करावयाचा नाही, सर्वांत वाईट दिवसाचा करावयाचा. खड्डा सर्वांत रुंद, डंप सर्वांत उंच, आणि भरणीस अद्याप हात लागलेला नाही, अशा दिवशी मालक नाहीसा झाला तर काय लागेल? गोदामाचा विमा उतरविताना आषाढातील रिकाम्या गोदामाचा आकडा आपण देत नाही. तुरीच्या हंगामात गोदाम आढ्यापर्यंत भरलेले असते, त्या दिवसाचा देतो. तसेच हे.

पुढची पायरी मोजमापाची. येथे एक गोष्ट शहरी माणसाच्या ध्यानात येत नाही, परंतु ज्यांनी आपल्या वडिलांच्या काळी ज्वारीची पेवे पाहिली आहेत त्यांच्या ध्यानात येईल. पेव खणताना निघालेली माती ढिगात मूळ जागेपेक्षा अधिक जागा घेते. दगडमाती फोडून काढली की ती फुगते. कठीण मातीत हा फुगवटा चौथाईच्या आसपास, दगडात त्याहून अधिक. जमिनीतील आठ लाख घनमीटर माल डंपावर दहा लाख घनमीटर होतो, आणि वाहतुकीचे पैसे दहा लाखांचे मोजावे लागतात. आठ लाखांवर हिशेब केला तर आरंभीच पंचमांश खर्च विसरला गेला.

वाहतुकीचा दर कसा निघतो ते एका मानीव उदाहरणाने दाखवितो. दर माझे गृहीत आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा डंपरमध्ये दहा घनमीटर माल मावतो व त्याचे भाडे तासास २,००० रुपये आहे. भरण्यास ४ मिनिटे, ओतण्यास २, खोळंबा २. अंतर एक किलोमीटर असेल तर भरलेला डंपर ताशी १५ किलोमीटर वेगाने ४ मिनिटांत जाईल, रिकामा ताशी २० किलोमीटर वेगाने ३ मिनिटांत येईल. एकूण फेरी १५ मिनिटांची. तासाची साठ मिनिटे काम होत नाही, पन्नास धरावीत, हा जाणत्यांचा नियम आहे. म्हणजे तासात तीन फेऱ्या व एक तृतीयांश, ३३ घनमीटर माल, आणि घनमीटरला ६० रुपये. आता डंप तीन किलोमीटरवर आहे असे धरा. जाण्यास १२, येण्यास ९, बाकीचे तेच ८, मिळून २९ मिनिटे. तासात पावणेदोन फेऱ्यांहूनही किंचित कमी, १७ घनमीटर, आणि दर सुमारे ११६ रुपये. यंत्र तेच, माल तोच, भाडे तेच. केवळ दोन किलोमीटरांनी दर जवळजवळ दुप्पट झाला. म्हणून कोणी नुसते 'एकरी अमुक खर्च येतो' असे सांगू लागला, तर प्रथम डंप खड्ड्यापासून किती लांब आहे ते विचारावे.

आता २० हेक्टरच्या खाणीचा हिशेब जुळवू. दहा लाख घनमीटर माल तीन किलोमीटरवरून परत आणावयाचा, दर ११६, म्हणजे ११ कोटी ६० लाख. यंत्राने भरणे व डोझरने पसरून दाबणे यास घनमीटरला ३० रुपये धरले तर आणखी ३ कोटी. माती पसरून लागवड, हेक्टरी ४ लाख, म्हणजे ८० लाख. चर, बांध, तळी व कुंपण यांस ६० लाख. बेरीज १६ कोटी. यावर परक्या ठेकेदाराचा नफा व वरकड खर्च, यंत्रे आणण्या-नेण्याचा खर्च, नव्याने नकाशे करणे, देखरेख, आणि अनपेक्षित गोष्टींसाठी राखीव, मिळून चौथाई धरली तर ४ कोटी. एकूण २० कोटी रुपये. प्रत्येक खड्डा पूर्ण भरलाच पाहिजे असे नाही. खड्डा पाण्यासाठी ठेवावयाचे योजनेत मंजूर असेल, आणि केवळ डंपाचे उतार, लागवड व चर एवढेच काम राहिले असेल, तर खर्च चौथाईवर, पाच कोटींवर, येऊ शकेल. यंत्रे व पत्रे विकून काही येईल, ते वजा करा, असेही कोणी सुचवितो. ते वजा करू नये. दिवाळ्यात ती यंत्रे बँक व इतर धनको आधीच ताब्यात घेतात.

या वीस किंवा पाच कोटींसमोर आपल्याकडील नियम किती मागतो?

कोळशाखेरीज अन्य प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी २००३ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन खाण-समाप्तीची योजना आणि वित्तीय हमी प्रथम सक्तीची झाली. देखरेख नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोकडे आली. त्या वेळी दर यंत्रांनी चालणाऱ्या मोठ्या, म्हणजे 'अ' वर्गातील, खाणींस हेक्टरी २५,००० रुपये आणि 'ब' वर्गास १५,००० रुपये होता. २०१७ च्या नियमांत तो अनुक्रमे ३ लाख व २ लाख झाला, आणि नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ५ लाख व ३ लाख झाला. आकारणी सगळ्या पट्ट्यावर नाही, खाणकाम व त्यास लागून असलेल्या कामांसाठी वापरात आलेल्या क्षेत्रावर होते. आपल्या वीस हेक्टरांवर २००३ मध्ये ५ लाख, २०१७ मध्ये ६० लाख, आणि २०२१ नंतर १ कोटी. अठरा वर्षांत वीसपट वाढ झाली, हे खरोखर स्वागतार्ह आहे. तरी पाच कोटींच्या कामास एक कोटी आणि वीस कोटींच्या कामासही एकच कोटी, हा हेक्टरी दराचा दोष उरतोच. दहा मीटर खोल व शंभर मीटर खोल हे दोन्ही खड्डे हेक्टरच्या मापात सारखे दिसतात. ज्वारी आणि केशर एकाच पायलीने मोजून एकच भाव लावण्यासारखे हे झाले.

लिलावाने मिळालेल्या पट्ट्यात कार्यपूर्तीची सुरक्षा-ठेव म्हणून आणखी एक हमी असते. २०१५ च्या लिलाव नियमांनुसार ती खाणीतील अंदाजित खनिजाच्या मूल्याच्या अर्धा टक्का असते. खनिज मौल्यवान तर ठेव मोठी. परंतु खनिज किती मोलाचे यावरून खड्डा भरण्यास किती लागेल हे कळत नाही, किंबहुना कधी कधी नेमके उलट असते. हलके खनिज असलेल्या खाणीत उपसा अधिक, डंप मोठे, आणि मूल्य कमी. २०२१ च्या दुरुस्तीत एक चांगली गोष्ट झाली. अंतिम समाप्ती-योजना मुदतीत सादर न केल्यास ही हमी अथवा ठेव जप्त करण्याची तरतूद आली.

कोळशाच्या बाबतीत केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये निराळी रीत काढली व २०१३ मध्ये तिला पक्के रूप दिले. ती आम्हा व्यापाऱ्यांस अधिक समजते. चंद्रपूर, वणी या बाजूस ज्यांचा व्यवहार आहे त्यांनी तिचे नाव ऐकले असेल. उघड्या खाणीस हेक्टरी ६ लाख व भूमिगत खाणीस १ लाख असा २००९ च्या किमतीचा दर धरला गेला (पुढे तो वाढला). येणाऱ्या रकमेस खाणीच्या आयुष्याच्या वर्षांनी भागावयाचे आणि दरवर्षीचा हप्ता पाच टक्के चढता ठेवून कोळसा नियंत्रकाच्या हक्कात असलेल्या राखीव खात्यात भरावयाचा. १०० हेक्टरची खाण, ६ कोटी रुपये, २० वर्षे आयुष्य, म्हणजे पहिला हप्ता ३० लाख, दुसरा साडेएकतीस, तिसरा तेहेतीस लाखांच्या थोडा वर, असा चढत जातो. २०१३ च्या रीतीत काम होत जाईल तसे दर पाच वर्षांनी ८० टक्क्यांपर्यंत पैसे परत मिळत, बाकीचे शेवटच्या दाखल्यानंतर. येथे निदान नगद पैसा बाजूस पडतो आणि महागाईचाही विचार आहे. उणीव हीच की पहिल्या काही वर्षांत मालक बुडाला तर खात्यात एकदोन हप्तेच असतात, आणि खड्डा मात्र तेवढ्यात पुष्कळ मोठा झालेला असतो.

महागाईचा उल्लेख आला आहे तर तोही हिशेब सांगून टाकतो. पाच टक्क्यांनी खर्च वाढत गेला तर सुमारे चौदा वर्षांत दुप्पट होतो, आणि पन्नास वर्षांत साडेअकरापट. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर खाणपट्टा पन्नास वर्षांचा असतो. आज काढलेली हमी दर काही वर्षांनी नव्याने मोजली नाही, तर नातवाच्या काळी तिच्यातून कुंपणाचे खांबही येणार नाहीत.

सर्वांत अवघड हिशेब पाण्याचा. काही खाणींत दगडातील गंधकयुक्त द्रव्ये हवा-पाण्याच्या संयोगाने आम्ल तयार करतात आणि ते पाणी दशकानुदशके वाहत राहते. गोव्याच्या लोहखनिजात हा प्रश्न या रूपात नाही, तेथे गाळाचा व उपशाचा आहे. तरी तत्त्व एकच. जो खर्च कधी संपत नाही त्याची जामीनकी किती? धर्मशाळेसाठी कायम ठेव ठेवताना आपले पूर्वज जो हिशेब करीत तोच येथे लागतो. वर्षाला २० लाख लागणार असतील आणि महागाई वजा जाता व्याज चार टक्के सुटत असेल, तर ५ कोटींची मुद्दल हवी, आणि तिला कधी हात लावता कामा नये.

हिशेब चुकला म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात समिटव्हिल येथे घडले. डोंगरावर सोन्याची उघडी खाण १९८६ मध्ये सुरू झाली. खनिजाच्या ढिगावर सायनाईडचे पाणी सोडून सोने काढीत. डिसेंबर १९९२ मध्ये मालक कंपनीचे दिवाळे निघाले, आणि कडाक्याच्या थंडीत विषारी पाणी भरलेली तळी सांभाळण्यासाठी मध्यवर्ती सरकारच्या पर्यावरण खात्यास तातडीने ताबा घ्यावा लागला. राज्याच्या हाती असलेली जामीनकी पन्नास लाख डॉलरांच्या आसपास होती. सफाईचा खर्च पंधरा कोटी डॉलरांच्या वर गेला. तीस वर्षे उलटली तरी तेथील पाणी शुद्ध करण्याचे काम संपलेले नाही. जामीनकी ठरविणाऱ्यांनी डंप व लागवडीचा विचार केला होता, पाण्याचा केला नव्हता.

स्कॉटलंडमध्ये २०१३ साली उघड्या कोळसाखाणी चालविणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या एका पाठोपाठ कोसळल्या. ईस्ट एअरशायर या एकाच परिसरात जमीन पूर्ववत करण्याचा खर्च सुमारे सोळा कोटी पौंड निघाला, आणि स्थानिक कौन्सिलच्या हाती असलेल्या हम्या तीन कोटी पौंडांहूनही कमी. आणखी एक प्रकार अमेरिकेतच झाला. ज्या कंपन्यांची पत मोठी त्यांस काही राज्यांत स्वतःचीच जामीनकी स्वतः देण्याची मुभा होती. ऑगस्ट २०१५ ते एप्रिल २०१६ या अवघ्या नऊ महिन्यांत अल्फा, आर्च व पीबॉडी या तीन बड्या कोळसा कंपन्यांनी दिवाळखोरीचे अर्ज केले. त्यांतील एकट्या अल्फाची वायोमिंग राज्यातील अशी स्वतःची हमी चाळीस कोटी डॉलरांहून अधिक होती. पीबॉडीस दिवाळखोरीतून बाहेर पडताना त्रयस्थ हमीदार आणावे लागले. ऋणको आणि जामीनदार एकच असेल तर त्यास जामीनकी म्हणत नाहीत, हे पेठेतील नवशिका कारकूनही सांगेल. परंतु मोठ्या पतीपुढे मोठी सरकारेही भुलतात.

जामीनकी मोकळी कधी करावी, याचेही शास्त्र आहे. अमेरिकन कोळसा कायद्यात भरणी, उतार व पाण्याचे चर पूर्ण झाले की ६० टक्क्यांपर्यंत रक्कम सुटते, झाडोरा रुजल्यावर आणखी काही, आणि उरलेली शेवटच्या पेरणीनंतर पाच वर्षांनी. जेथे वर्षाचा पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी तेथे दहा वर्षांनी. गोव्यात पाऊस उदंड म्हणून झाड लवकर जगते हे खरे, पण तोच पाऊस मुळे धरण्यापूर्वी उतार धुऊन नेतो. एका पावसाळ्यानंतर हिरवा दिसणारा डंप पाहून समाधान मानू नये. आपल्याकडे ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चराऊ करण्याची अट पट्ट्यांत घालण्यास केंद्र सरकारला सांगितले. ती अटही हिशेबात धरावयास हवी.

आता ज्या कागदावर आपली सही मागतात त्याविषयी. आपल्याकडे ही हमी बँक गॅरंटीच्या रूपाने दिली जाते. बँक सरकारला हमी देते आणि स्वतःसाठी पट्टेदाराकडून मार्जिनची रक्कम, कमिशन, घरादाराचे गहाण आणि भागीदारांच्या वा नातलगांच्या वैयक्तिक जामीनकीचा कागद घेते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. बँक आधी पट्टेदाराच्या मागे जाईल व मग आपल्याकडे येईल, अशी समजूत करून घेऊ नये. चालू स्वरूपाची जामीनकी कलम १३० प्रमाणे नोटीस देऊन थांबविता येते, पण ती पुढील व्यवहारांपुरती. दिलेल्या गॅरंटीचा भार त्याने उतरत नाही.

जो केवळ जामीनदार आहे त्याचा धोका कागदावरील आकड्याइतका आणि व्याजाइतका. जो भागीदार आहे त्याचे तसे नाही. तरुण मंडळी म्हणतात, 'एक कोटीची गॅरंटी आहे, फार तर एक कोटी जाईल.' हे बरोबर नाही. एक कोटी ही सरकारने हाती ठेवलेली रक्कम आहे, ती दायित्वाची मर्यादा नव्हे. प्रदूषण करणाऱ्याने पीडितांस भरपाई देऊन भागत नाही, बिघडलेला निसर्ग पूर्ववत करण्याचा खर्चही त्याचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर येथील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सांगितले आहे. आणि १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पेढीच्या कृत्यास प्रत्येक भागीदार एकत्रितपणे व एकेकटाही जबाबदार असतो. एक कोटी व पाच कोटी यांतील चार कोटी कोणाच्या घरातून येतील, याचे उत्तर त्या कलमात आहे.

तेव्हा कोणी असा कागद घेऊन आला तर त्याच्याकडे मंजूर झालेली समाप्ती-योजना मागावी. तिच्यात उपसलेल्या मालाचे घनमीटर, डंपाचे खड्ड्यापासून अंतर, खड्डा भरावयाचा की पाण्यासाठी ठेवावयाचा, आणि मागील पाच वर्षांत ठरलेल्यापैकी किती काम प्रत्यक्ष झाले, एवढे चार आकडे पाहिले तरी वरीलप्रमाणे हिशेब घरच्या घरी एका संध्याकाळी मांडता येतो. जे काम खनिज काढता काढता होत जाते त्याचा खर्च थोडा असतो. म्हणून पाच वर्षांत काहीच झालेले नसेल, तर पट्टेदार कितीही श्रीमंत असो, आकडा वाढत चालला आहे असे धरावे. गॅरंटीची मुदत कोणत्या तारखेस संपते व ती वाढविताना जामीनदारास पुन्हा विचारणार की नाही, हे बँकेकडून लेखी घ्यावे. आणि जागा पाहावयास जावयाचे तर आषाढात जावे. मार्गशीर्षात सर्व डंप कोरडे आणि सर्व ओढे स्वच्छ दिसतात. आषाढात मात्र गाळाची तळी भरून वाहत आहेत की रिकामी आहेत, आणि खालच्या शेतात उतरणारे पाणी कोणत्या रंगाचे आहे, हे रस्त्यावरूनच कळते.